निम्मी वाट

“पण निम्मं म्हणजे निम्मंच ना, बुवा? त्यात माझं काय चुकलं?”

मठाच्या ओटीवर अवजीबुवा शेंगा सोलत बसले होते. समोर त्र्यंबक उभा होता.

बुवांनी एवढंच सांगितलं होतं, की वाडीतून घाटावरच्या गावाला जाणाऱ्यांसाठी निम्म्या वाटेवर पाणपोई घाल. त्र्यंबक पडला हुशार शिष्य. त्यानं दोरी धरून अख्खी वाट मोजली. मध्य आला तो ऐन पायथ्याशी, चढ सुरू होतो तिथं. तिथंच त्यानं घागर मांडली आणि ऐटीत बसला.

लोक येत. पाणी कोणी मागत नसे, अजून किती राहिलं एवढंच विचारत. निम्मी वाट झाली, असं तो सांगे. लोक खूश होऊन पुढं निघत.

काल तान्हीआजी आली. घाटावर लेक बाळंत झालेली, नातवाला बघायची घाई. निम्मी झाली म्हटल्यावर आजीनं पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही. चढावर घेरी येऊन पडली. लोकांनी झोळी करून तिला खाली आणलं. जीव वाचला, पण नातू बघायचा राहिला.

त्र्यंबकचं बोलणं ताठ होतं खरं, पण सकाळपासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

“मी खोटं नाही सांगितलं, बुवा.”

“नाही सांगितलंस.”

…

बुवांनी टरफलं झटकली आणि काठी घेतली. दोघं पायथ्याशी आले. बुवांनी भरली घागर उचलून त्याच्या खांद्यावर दिली.

“चल. आजीच्या लेकीला निरोप द्यायचाय.”

पहिल्या वळणापर्यंत त्र्यंबकची टकळी चालू होती. दोरी कशी धरली, गाठी कशा मारल्या, सगळं सांगून झालं. मग तो गप्प झाला. ऊन मी म्हणत होतं. मागून बुवांची काठी तेवढी वाजत होती.

एका करंजाखाली त्यानं घागर टेकवली आणि मटकन खाली बसला.

“बुवा… अजून किती राहिलं?”

बुवांनी तांब्यानं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. पोटभर पिऊ दिलं. मग आजूबाजूचे दगड ओढून नीट रचले आणि त्यावर घागर बसवली. हलत नाही ना, ते बघितलं.

“निम्मी वाट झाली, त्र्यंबका.”