मामांनी आवळलेला नट

वाईच्या दौलतमामांनी ट्रॅक्टर दुरुस्त करता करता घरच्या शेडमध्ये चक्क विमान बांधायला घेतलं. मामा जुने पैलवान. त्यांच्या शब्दापुढे गावात कुणी जात नसे. भाची शलाका मात्र विमानबांधणीचे रीतसर धडे गिरवून आली होती.

"मामा, इंजिनाच्या थरथरीने नट सैल होतात. आवळून झाले की ते तारेने जखडायचे, असा नियम आहे."

"या मनगटानं आवळलेला नट आजवर हललेला नाही!" मामा गरजले. "तारेची गरज पटवून दे, नाहीतर उद्या असाच उडतो बघ."

शलाकाने मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मामा, धोतराची गाठ कुणी मारली?"

"मीच! बैलानं ओढली तरी सुटायची नाही."

"मग त्यावर हा कातडी पट्टा कशाला?"

मामा घुटमळले. "चारचौघांत सुटलंबिटलं तर?"

"धोतर सुटलं तर तुम्ही सावराल हो. आभाळात नट सुटला, तर माझ्या एकुलत्या एका मामाला कोण सावरणार?"

मामांचा हात आपसूक पट्ट्याकडे गेला.

"आण ती तार," ते म्हणाले, "आणि उरली तर थोडी इकडंही दे."