डोणींच्या खिंडीतलं पहिलं पाणी

बसा की, दमलात. पण त्या फुटक्या दगडावर नको. त्या दोन तुकड्यांवर आमच्याकडं कुणी टेकत नाही. इकडं सावलीला या. आणि ते तांबडं कुत्रं कुणाचं? तुमचं नाही? खालच्या पाड्यापासून मागं लागलंय? बरं झालं. हाकलू नका त्याला. आणि बाई, ती बाटली आत ठेवा, तुमच्या हातानं त्याला पाणी पाजू नका. त्याचं पाणी इथं भरून ठेवलंय. त्याला वाटेल तेव्हा येईल. तोवर डोणींचं ऐका, येणारा प्रत्येक जण तेच विचारतो.

वाटेनं येताना बघितल्यात ना, कातळात कोरलेल्या? कुठं परातीएवढी, कुठं ओंजळीएवढी, एक तर पार कड्याच्या टोकाला. मागं एक साहेब आले होते, ते म्हणाले उखळं असतील. आता कड्याच्या टोकावर बसून कोण कांडणार होतं? कुत्र्यांच्या पाण्याच्या आहेत त्या. गेलेल्या कुत्र्यांच्या, एकेकाची एकेक. पहिली डोण कोरली ती हौसा पाथरवटणीनं, असं आमच्याकडं सांगतात.

तेव्हा ही खिंड म्हणजे राबता रस्ता. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर लादून तांडे इथून वर यायचे आणि तांड्याबरोबर राखणीला कुत्री असायची. उन्हाळ्यात हा कातळ असा तापतो की कुत्र्यांचे पंजे फाटायचे. पावसाच्या आत बाजार गाठायचा म्हणून तांडा थांबायचा नाही. मग लंगडणारं कुत्रं खिंडीच्या तोंडाशी सोडायचं, पुढ्यात भाकरीचा तुकडा टाकायचा आणि मागं न बघता चालू लागायचं. हौसा आणि तिचा नवरा गुणाजी इथंच, त्या उंबराच्या मागं झोपडी करून राहायचे. जाती घडवायची, पाटे-वरवंटे घडवायचे, हा त्यांचा धंदा. मूलबाळ नव्हतं. टाकलेलं कुत्रं दिसलं की हौसा हातातली छिन्नी खाली ठेवायची, दगड वाहायच्या पाटीत त्याला घालायची आणि पाटी डोक्यावर घेऊन घरी आणायची. पंज्यांना एरंडेल लावायचं, चिंध्या बांधायच्या. बरी झाली की काही जायची निघून, काही राहायची. गुणाजी कुरकुरायचा, "आपल्याला भाकरी आणि कुत्र्यांना चुरमा!" पण म्हणे रात्री एखादं पिल्लू त्याच्याच घोंगडीत सापडायचं.

राहिलेल्यांतलं एखादं म्हातारं होऊन गेलं, की हौसाला घरात बसवत नसे. ते जिथं पडून असायचं, तिथल्या कातळात ती डोण कोरायची. ढोल्या खादाड होता, त्याची डोण परातीएवढी. गुंजी नाजूक, तिची ओंजळीएवढी. काण्याला दरीत बघत बसायची खोड होती, म्हणून त्याची कड्यावर. सकाळी झऱ्यावरून घागर आणायची ती आधी या डोणी भरायच्या, मग घरचा माठ. जो तहानेला येईल तो पिऊन जायचा. तिचं दुःख असं पाण्यावाटे मोकळं व्हायचं म्हणा ना.

पण हळद्याचं तसं झालं नाही.

हळद्या आला तेव्हा पुरता गळाठलेला होता. चार दिवस पाटीतून उठला नाही आणि हातोड्याचा घाव पडला की अंग चोरायचा. पुढं मात्र असं झालं की घाव ऐकल्याशिवाय त्याला झोपच लागेना. हौसा जात्यावर छिन्नी चालवतेय आणि हा तिच्या मांडीला पाठ लावून घोरतोय, हे रोजचं. तिचा हात थांबला की मान वर करून बघायचा, का थांबलीस म्हणून. अकरा-बारा वर्षं असं चाललं. एका चैत्रात तिचा हात थांबला आणि मान वर झाली नाही.

हौसा रडली नाही. त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव तोंडातून काढलं नाही आणि दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही. खिंडीच्या तोंडाशी चांगला काळा कातळ बघून तिनं डोण कोरली. अशी घोटली की बोट फिरवावं तर कुठं खरखर लागू नये. भरली, आणि तिथंच बसली. तेवढ्यात एक तांडा आला. त्यातल्या एका गड्यानं सरळ त्या डोणीत पाय बुडवले आणि धुवायला लागला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! पण हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याला शिव्यांची लाखोली वाहिली, हातोडा उगारला, तांड्याला पळता भुई थोडी झाली.

आणि मग तिनं ती चूक केली. पाथरवटच करू जाणे अशी चूक. तिनं डोणीला दगडी झाकण घडवलं. त्याच काळ्या दगडाचं, असं बेतून की फट शोधून सापडू नये. डोण धुतली, नव्यानं भरली, झाकण बसवलं आणि म्हणाली, "त्याचं पाणी त्यालाच. आता कुणी शिवायचं नाही." इतकं सुबक काम तिच्या हातून आधी कधी झालं नव्हतं म्हणे. वर शपथ घातली, यापुढं या दारात कुत्रं येणार नाही.

गुणाजी म्हणाला, "अगं, कुत्रं गेलं, आता पाणी कोंडतेस होय?"

ती छिन्नी उचलून कामाला लागली. पण तिला चैन म्हणून पडेना. जातं पुढ्यात घ्यायची, दोन घाव घालायची, उठायची. खिंडीपर्यंत जायची, झाकणावर हात ठेवायची, परत यायची. घागर भरायला निघायची आणि रिकामीच घेऊन यायची. बाकीच्या डोणी सुकून गेल्या, त्यांत पाचोळा साठला. चांगली चालती जाती तिच्या हातून फुटायला लागली. पाठ टेकली की उठून बसायची. कशाची घालमेल चाललीय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

वैशाखात एका तांड्यानं एक चितकबरी कुत्री टाकली. चारी पंजे फाटलेले. हौसानं बघितलं आणि तोंड फिरवलं. शपथ होती ना! कुत्री फरफटत या डोणीपाशी गेली, त्या डोणीपाशी गेली. सगळ्या कोरड्या. शेवटी झाकण घातलेल्या डोणीशी आली. आत पाणी आहे हे तिला वासानं कळलं असणार. ती झाकण ओरबाडायला लागली. पंज्याचं रक्त दगडाला लागलं, तरी ओरबाडतच होती.

हौसा दगड घेऊन धावली. "हड्! त्याचं आहे ते!"

कुत्री पळाली नाही. पळायचं त्राणच नव्हतं. तिनं नुसती शेपटी हलवली, थोडीशी. हौसाचा हात वरच राहिला. तिच्या मनात आलं, माझा असा नव्हता ओरबाडत. माझा शहाण्यासारखा बसायचा आणि मग पाणी प्यायचा... कसा प्यायचा?

आठवेना. बसून की उभ्यानं? पाय पाण्यात घालायचा की नाही? सगळा हळद्या डोळ्यांपुढं उभा राहत होता, पण पाण्यावर वाकला की दिसेनासा व्हायचा. आज हे गेलं, उद्या कान जातील, परवा डोळे जातील, मग माझ्याकडं उरेल काय? हातातला दगड टाकून ती वाटेला लागली. उंबराखाली टेकलेल्या मीठवाल्यांना विचारलं, "अरे, माझा पाणी कसा प्यायचा, सांगा की रे!" एक म्हणाला उभ्यानं. दुसरा म्हणाला, मावशी, त्याला पाणी पिताना कोण बघत बसलंय! ती घराकडं पळाली. गुणाजीला दंडाला धरून हलवलं, "तू तरी सांग!"

गुणाजी म्हणाला, "हौसे, ते तूच आम्हाला सांगायचीस. रोज झऱ्यावरून आलीस की हसत सांगायचीस. तू सांगायची थांबलीस, मग आम्हाला कुठून आठवणार?"

हौसानं एका हातात हातोडा घेतला, एका हातात घरातली शेवटची भरलेली घागर. खिंडीत आली. झाकण उचलायला गेली तर हलेना, तिचंच काम ते, फट कुठली सापडायला! मग तिनं हातोडा उचलला आणि आयुष्यातल्या सगळ्यात सुबक दगडावर घाव घातला. तिसऱ्या का चौथ्या घावाला झाकण दुभंगलं. आतलं पाणी हिरवं होऊन गेलं होतं, वास मारत होतं. ते तिनं उपसलं, पदरानं डोण पुसली आणि घागर रिकामी केली.

चितकबरी अंग ओढत आली. तिनं दोन्ही पुढचे पाय सरळ पाण्यात घातले आणि लपालपा प्यायला लागली. सगळं पाणी गढूळ केलं, अर्धं बाहेर सांडलं.

आणि हौसा ओरडली, "असं नाही! अगं, असं नव्हता पीत माझा हळद्या!"

नाव तोंडातून निघालं. त्याबरोबर सगळं परत आलं. आधी हनुवटी पाण्यावर टेकवायची, गार लागलं की डोळे मिटायचे, मग एक घोट प्यायचा आणि वर बघायचं, ही आहे ना म्हणून. परत एक घोट, परत वर बघायचं. पाणी संपेपर्यंत असं. हौसा त्या कुत्रीला सांगत सुटली, सांगता सांगता धाय मोकलून रडली, हसलीसुद्धा. संध्याकाळी पाटी डोक्यावर घेऊन घरी आली तेव्हा पाटीत चितकबरी होती. गुणाजीनं एरंडेलाचा बुधला आधीच चुलीशी आणून ठेवला होता म्हणे.

हेच ते झाकणाचे दोन तुकडे. आजही या वाडीत कुणाचं कुत्रं गेलं, की घरचा माणूस कातळात डोण कोरतो. रोज पाणी पालटायचं आणि वाट बघायची. अनोळखी, कुणाचं नसलेलं कुत्रं येऊन त्यातलं पहिलं पाणी पीत नाही, तोवर त्या घरात गोडधोड होत नाही, गेलेल्याचं नाव कुणी घेत नाही. हातानं पाजलेलं चालत नाही, हाक मारून आणलेलं चालत नाही. त्याचं त्यानं यावं लागतं. एखाद्याला दोन दिवसांत सुटका मिळते, एखाद्याला महिनोन् महिने लागतात.

ती उंबराच्या मुळाशी नवी डोण दिसते ना, अजून पांढरी आहे, छिन्नीच्या खुणा दिसतात. ती आमच्या घरची. माघापासून भरतोय. म्हातारी रोज विचारते, आलं का कुणी? मी सांगतो, येईल की, घाई काय आहे! आणि दिवसभर इथं येऊन बसतो. तुम्हाला वाटलं असेल, हा बाबा बोलताना सारखा वाटेकडं काय बघतोय...

थांबा. कुणी हलू नका. उठलं ते. येऊ दे. बाई, पाय जरा आत घ्या, वाट द्या त्याला.

वास घेतंय. पी रे, बाबा. पी.

पितंय.

बघा कसं पितंय, सगळं नाक बुडवून, घाईघाईनं. असं नाही रे... असं नव्हती पीत आमची सुंदी. सुंदी आधी कडेनं एक फेरा घालायची, आणि मग...

ऐकताय ना? बसा, बसा. आता सगळं सांगतो.