दाराचा खांब

मोटारींचे सांगाडे लाकडाचे असत त्या काळची गोष्ट. एका मोटारीचं दार सागवानी खांबावर तोललेलं होतं. गाडी धुताना पत्र्याआड पाणी झिरपे आणि खांब आतून कुजत चालला होता. दार विचारी, "बरा आहेस ना रे?" खांब म्हणे, "ठणठणीत." खरं कळलं तर दार धास्तावेल, असं बिचाऱ्याला वाटे.

एके दिवशी दार बिजागऱ्यांसकट निखळून पडलं. सुताराने खांबाचा कुजका भाग कापला, नवं लाकूड सांधलं आणि दार पुन्हा बसवलं.

खांब ओशाळून म्हणाला, "माझ्यामुळे पडलंस."

"पडल्याचं काही नाही रे," दार म्हणालं. "पण इतकी वर्षं मी धाडकन लागताना तू हिसके सोसलेस. एकदा तरी 'हळू' म्हणायचं होतंस."

दुसऱ्या सकाळी दार लागायला आलं, तेव्हा खांब अडखळत म्हणाला, "जरा हळू."

दार अलगद लागलं.