सिंहासनाला लागले मुंगळे

"या सखोबाची मिशी उतरवा!"

राजा भूपतराव भर बाजारात कडाडला आणि जुनं सामान विकणाऱ्या सखोबाच्या पायाखालची जमीनच सरकली. बिचाऱ्याजवळ दुसरं वैभव होतं कुठे? होती ती एक मिशी, लिंबू ठेवलं तरी न वाकणारी!

गुन्हा काय? तर त्याच्या दुकानात एक लाकडी धूड पडलं होतं. उभ्या पट्ट्यांचं गोल पिंप, दोन बाजूंना दोन खांब, वर आटे पाडलेला जाडजूड दांडा आणि खाली एक पन्हळ. राजाने ते पाहिलं आणि ठरवूनच टाकलं, हे आपल्या पूर्वजांचं सिंहासन!

"वरच्या दांड्याला छत्र लावत असणार," प्रधान म्हणाले.

"आणि पन्हळीतून पाद्यपूजेचं दूध वाहत असणार," राजपुरोहितांनी री ओढली.

"आणि या गाढवाने ते फुटक्या घागरींत टाकलं!" राजाने पाय आपटला.

तेवढ्यात सखोबाची मुलगी गुंजा पुढे झाली. "महाराज, हे फळं पिळायचं यंत्र आहे. पिंपात फळं भरायची, दांडा फिरवत खाली आणायचा, की पन्हळीतून रस!"

"असं? मग साक्षीदार आण! तुझ्या नात्यातला नको, माझ्या चाकरीतला नको, लाच देऊन आणलेला तर नकोच नको. दिवस मावळायच्या आत आला नाही, तर बापाची मिशी गेली!"

असा प्राणी त्या राज्यात मिळायचा कुठून! सखोबाने मिशीवरून शेवटचा हात फिरवून घेतला. गुंजा मात्र गालात हसली.

"आणते, महाराज. पण तुम्ही अभिषेकाशिवायच सिंहासनावर बसणार?"

"शिव शिव!" पुरोहित दचकले.

झालं! राजवाड्याच्या अंगणात आंब्याजवळ सिंहासन मांडलं. "गार पाणी महाराजांना बाधेल हो," असं म्हणत गुंजाने कढत पाण्याच्या घागरी त्यावर ओतायला लावल्या. सनई वाजली आणि राजा कसाबसा पिंपात शिरला. पोट जरा अडलं, पण प्रधानांनी वरून दाबलं.

ऊन चढलं. लाकडात मुरलेला जुना रस भिजून घमघमू लागला. आंब्याच्या बुंध्यावरून काळ्या मुंगळ्यांची रांग निघाली, ती थेट सिंहासनात!

"आई गं! मेलो! प्रधानजी, धावा!" राजा पिंपात थयथय नाचू लागला.

"महाराज, साक्षीदार आले!" गुंजा ओरडली. "माझ्या नात्यातले नाहीत, तुमच्या चाकरीतले नाहीत, आणि लाच द्यायला जावं तर देणाऱ्यालाच चावतात! गोडाशिवाय ते कुठे जात नाहीत. नुसत्या सिंहासनात त्यांचं काय काम?"

चौघांनी ओढून राजाला बाहेर काढलं. सगळं अंग खाजवत तो म्हणाला, "बरं बाई, यंत्र तर यंत्र! पण मेलं जुनंपुराणं, खिळखिळं. जळणाच्या लायकीचं!"

"खिळखिळं? महाराज, एवढं वजनदार फळ आत्ता त्यात नाचलं, तरी एक पट्टी हलली नाही!"

सखोबाने डोळे मिटून मिशी मुठीत धरली.

आणि राजा हसला! असा हसला, की खाजवायचंसुद्धा विसरला. यंत्र त्याने गुंजाला परत दिलंच, वर राजबागेतली सगळी जांभळंही तिलाच दिली.

पहिल्या रसाचा पहिला पेला सखोबाने घटाघट रिचवला. मिशी वाचली, पण आठवडाभर जांभळी!