बाई सतरंजीवर, झिनी फळ्याशी

सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत कुमुद तांबट नावाच्या बाई नव्यानेच आल्या होत्या. पोरांची बोली पावरी आणि बाईंची मराठी. त्यामुळे रोज पहिल्या तासाला बाई सतरंजीवर बसायच्या आणि चौथीतली झिनी फळ्याशी उभी राहून त्यांना पावरी शिकवायची.

एके दिवशी नेमके त्याच वेळी रणदिवे साहेब तपासणीला येऊन ठेपले.

"अहो बाई, पगार शिकवायचा घेता की शिकायचा?" साहेब कडाडले. मग पहिलीच्या पोरांकडे वळून म्हणाले, "सांगा रे, सूर्य कुठल्या दिशेला उगवतो?"

पोरं टकामका बघत राहिली.

"सगळी ढ! बाई, तुमची बदलीच करतो."

बदलीपेक्षा पोरांना ढ म्हटलेलं बाईंना अधिक लागलं. त्या म्हणाल्या, "करा साहेब. फक्त आता पोरांना एक प्रश्न विचारू द्या, उत्तर तुम्ही द्या."

साहेब हसले. "विचारू देत की! पहिलीचं पोर मला काय अडवणार?"

बाईंनी खुणावताच एका चिमुरडीने पावरीत काहीतरी विचारलं. साहेबांनी कान पुढे केला. तिने पुन्हा, अगदी सावकाश विचारलं. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं.

बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, ती तुमचं नाव विचारतेय. तेही तुम्हाला सांगता येईना, म्हणून आम्ही तुम्हाला ढ म्हणायचं का?"

साहेब क्षणभर ओशाळले. मग त्यांनी बूट काढले आणि सतरंजीवर मांडी घातली.

"झिनीबाई," ते म्हणाले, "आधी मला माझं नाव सांगायला शिकवा."