टिटवीचा पहारा

एका गावाच्या शिवारात एक भारद्वाज राहत होता. सगळे पक्षी त्याला पाटील म्हणत. अंगाने गोल, उडायला आळशी, पण मनाचा सरळ. त्याच शिवारात विहिरीवर एक बाभूळ वाकली होती. नदीपलीकडून आलेल्या सुगरणींनी तिच्यावर घरटी टांगली होती आणि त्यांत पिल्लं चिवचिवत होती.

एका वादळात होल्याचं घरटं पडलं आणि अंडी फुटली. होला ते काय घरटं बांधणार! चार काड्या आडव्या टाकल्या की झालं त्याचं घर. पण डोमकावळ्याने त्याचं दुःख बरोबर हेरलं. “चांगलं गवत सगळं त्या पलीकडच्यांनी नेलं, म्हणून तुझी अंडी गेली,” असे त्याने होल्याचे कान भरले. मग आणखी होले जमले, काही साळुंक्याही आल्या. उंबराच्या ढोलीत गुपचूप ठरलं, की पिल्लं उडायच्या आत सुगरणींची घरटी फाडून विहिरीत टाकायची.

पाटलाला हे कळलं. त्याने ढोलीवर जाऊन सगळ्यांना हुसकावलं. मंडळींनी चंबूगबाळं आवरलं आणि पडक्या चुन्याच्या भट्टीत बस्तान हलवलं. तिथून हाकलली, तर ओढ्यावरच्या मोरीच्या नळीत शिरली. जागा बदलली की परवलीचा शब्दही बदले. दर वेळी थोडे गळत, पण उरलेले जास्तच कडवे होत.

गंमत अशी, की नवा पत्ता शोधायला पाटलाला कधी कष्ट पडले नाहीत. डोमकावळ्याने पहाऱ्याला टिटवी ठेवली होती. आपलं असो की परकं, कोणी जवळ आलं की ती आभाळ डोक्यावर घेई.

“अगं, जरा हळू ओरड,” डोमकावळा वैतागून म्हणे.

“हळूच ओरडायचं, तर मला ठेवलंय कशाला?” टिटवी म्हणे.

तरी पाठलाग करून पाटलाच्या नाकी नऊ आले. “आता शिवारातली एकूण एक ढोली बुजवून टाकतो,” तो बायकोला म्हणाला.

“बुजवा की. राघूच्या बायकोनं मग अंडी माळावर घालायची का? ढोली काय चोरांसाठीच असते होय?”

पाटील वरमला. मग त्याला होल्याची आठवण झाली. आपण त्याला जागोजागी हुसकावलं, पण त्याच्या फुटलेल्या अंड्यांची एकदाही विचारपूस केली नाही, याची त्याला लाज वाटली.

तो थेट म्हाताऱ्या सुगरणीकडे गेला आणि काही न लपवता सगळं सांगून होल्याचं घरटं विणून द्यायला विनवलं.

“माझ्या लेकरांच्या जिवावर उठलाय तो, अन् मी त्याचं घर विणू?” ती म्हणाली.

“त्याची लेकरं गेलीत, बाई.”

सुगरणीने आपल्या पिल्लांकडे पाहिलं. मग तिने चोचीत गवताची काडी धरली.

भर दुपारी, साऱ्या शिवारादेखत, तिने होल्याच्या काड्यांखाली घट्ट बूड विणून दिलं. होलीण त्यात नवी अंडी घालून बसली. होला नळीतून घरी आला, तेव्हा वारा सुटला होता. घरटं डुललं, पण पडलं नाही.

“एवढं गवत कुठून आणलंस?” त्याने विचारलं.

“बांधावरून. अजून पुष्कळ आहे तिथं,” सुगरण म्हणाली.

होल्याने मान खाली घातली. त्याने ही गोष्ट बाकीच्यांना सांगितली आणि तेही बांधावर जाऊन गवत पाहून आले.

घरटी फाडायचा दिवस उजाडला. डोमकावळा नळीत वाट पाहत बसला, पण कोणीच आलं नाही. शेवटी तो डोकावायला बाहेर पडला आणि परतला.

“परवलीचा शब्द?” टिटवीने दरडावलं.

त्याने सांगितला. पण तो त्याने त्याच सकाळी बदलला होता आणि टिटवीला सांगायचं विसरला होता.

“चुकला!” म्हणून टिटवी अशी किंचाळत अंगावर धावली, की स्वतःच्याच नळीपासून त्याला पळता भुई थोडी झाली. पाटील हसून हसून फांदीवरून पडायचाच बाकी राहिला. बाभळीवरची पिल्लं त्याच आठवड्यात उडाली, आणि त्यांतलं पहिलं जाऊन बसलं ते होल्याच्या फांदीवर.

तात्पर्य: द्वेष एका बिळातून हुसकावला तर दुसऱ्यात शिरतो; पण ज्या दुःखावर तो पोसतो, त्या दुःखाची उघड्यावर विचारपूस केली, की त्याच्याजवळ कोणी उरत नाही.