आव्यातली रिकामी जागा

बृहत्सेन राजा शोणवती नगरीवर राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका श्रेष्ठीच्या कुळात जन्म घेतला होता. यशोमित्र हे त्याचे नाव. बापामागे मोठी संपत्ती त्याच्या हाती आली आणि तो ती सढळ हाताने वाटू लागला.

नगरीच्या पूर्व दरवाजाजवळ कुंभारांची आळी होती. नदीने पात्र बदलले, चांगली माती दूर गेली आणि एकेक घर आळी सोडू लागले. या आळीचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, सगळ्यांचा मिळून एकच होता. त्यात प्रत्येक घराची जागा ठरलेली असे. गेलेल्यांची जागा मागे राहिलेले भरत नसत; उद्या ते परतले तर आपली जागा गेली असे त्यांना वाटू नये, एवढी राहिलेल्यांची माया. पण रिकाम्या जागांमुळे आच सारखी लागेना आणि मडकी तडकू लागली. तडकलेली मडकी कोण घेणार? मग आणखी एखादे घर जाई आणि आवा आणखी रिता होई. मायेनेच आळीचा घात चालवला होता आणि कुणाच्या ते ध्यानातही येत नव्हते.

वैशाखी पौर्णिमेला राजवाड्यातून पाण्याने भरलेले घट दान केले जात. ते घट याच आळीतून येत. राजाने आज्ञा केली की, या वर्षी चांगले घट आले नाहीत तर आळी मोडून तिथे हत्तीशाळा बांधावी.

हे ऐकून यशोमित्राचा जीव कळवळला. त्याने धान्याच्या गाड्या पाठवल्या, घरे शाकारून दिली, विहीर बांधून दिली. सारी नगरी त्याचे गुण गाऊ लागली. कुंभारांनीही तोंड भरून आशीर्वाद दिले, आणि त्यांच्यातली काही घरे त्याच धान्याची शिदोरी बांधून परगावी निघून गेली. नव्या छपरांखाली चिमण्या तेवढ्या सुखाने नांदू लागल्या.

तेव्हा यशोमित्र स्वतः आळीत गेला. उप्पला नावाची म्हातारी कुंभारीण आव्याची राख सारीत बसली होती. तिचे सारे आयुष्य त्या आव्यापाशी गेले होते आणि आळी मोडली तर तिला जायला दुसरे ठिकाण नव्हते. यशोमित्र तिला म्हणाला की, रिकाम्या जागा मी विकत घेतो आणि दुसरीकडच्या कारागिरांकडून भरून देतो.

उप्पलेने हात झटकले.

"बाबा, ती जागा विकत मिळत नाही. जो आळीत राहतो, आमच्याबरोबर माती तुडवतो, ज्याचं मडकं आमच्या मडक्याबरोबर तडकतं, त्याची ती जागा."

"मग मी राहायला आलो तर, आजी?"

म्हातारी त्याच्या मऊ तळव्यांकडे बघत राहिली. "आलास तर जागा देऊ," ती म्हणाली.

आणि तो खरोखरच आला! परतायला कुणी उरले नव्हते अशा एका सोडलेल्या घरात त्याने बिऱ्हाड थाटले, आणि त्या घराची आव्यातली जागा त्याला मिळाली. त्याच्या नातलगांनी कपाळाला हात लावला. लांबून माती आणायला त्याने बैलगाड्या घातल्या, पण दान म्हणून नव्हे, भागीदार म्हणून. मडकी विकली गेली तर सगळ्यांबरोबर वाटा, फुटली तर सगळ्यांबरोबर तोटा. रोज पहाटे तो गुडघाभर चिखलात उभा राही. त्याची मडकी इतकी वाकडी होत की आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत. कित्येक वर्षांत त्या आळीत कुणी हसले नव्हते.

ही बातमी गावोगावी गेली. नगरश्रेष्ठी आपल्या आळीत माती तुडवतो आणि तिथे चांगली माती पुन्हा येऊ लागली आहे हे ऐकून गेलेली घरे चकित झाली, आणि बैलगाडीमागून बैलगाडी परतू लागली. आपली जागा अजून आपलीच आहे हे पाहून म्हातारे कुंभार आव्याच्या कडेला बसून रडले. पौर्णिमेच्या आधी आवा काठोकाठ भरला. उप्पलेने तो पेटवला.

आवा उघडला तेव्हा स्वतः राजा पाहायला आला होता. उप्पला एकेक घट बोटाने वाजवू लागली आणि प्रत्येक घट खणखणीत वाजला. शेवटी यशोमित्राचा वाकडा घट निघाला. तिने त्यात पाणी ओतले. थेंबही गळला नाही. राजाने त्याच घटातले पाणी ओंजळीत घेतले.

"श्रेष्ठी, एवढे धन असताना तू चिखलात का उतरलास?" राजाने विचारले.

"महाराज, धन मी बाहेरून टाकत होतो आणि आवा रिकामाच राहत होता. तिथे माणूस कमी होता."

राजाने हात जोडले आणि हत्तीशाळेची आज्ञा मागे घेतली.

पुढे यशोमित्राने देह ठेवला, तेव्हा कुंभारांनी त्याची जागा मात्र रिकामी ठेवली नाही. दर खेपेला एकेक घर तिथे आपला एक घट ठेवी, आणि तो घट वाटसरूंच्या पाणपोईवर जाई.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा हा आजचा भिक्षू आनंद होय. विहाराच्या वाटेवर जी वृद्ध उपासिका रोज तुमच्यासाठी पाणी भरून ठेवते, ती उप्पला होती. आणि यशोमित्र मीच होतो." दुसऱ्याच्या सुखदुःखात त्याच्या बरोबरीने उतरणे, या गुणाला समानात्मता म्हणतात.